लाइफ कोच होण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे आणि प्रमाणपत्राला खरोखर किती किंमत आहे?

नवशिकी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मनुष्यबळ विभागात चौदा वर्षे काढल्यानंतर आता लाइफ कोचिंगकडे वळावे, असा विचार गेले वर्षभर मनात घोळतो आहे. बढती हुकलेली, राजीनामा लिहून तो महिनोन्‌महिने खिशात घेऊन फिरणारी, निवृत्ती तोंडावर आल्याने भांबावलेली माणसे कार्यालयात माझ्याकडे येऊन मोकळी होतात आणि जाताना ‘बरे वाटले’ असे म्हणतात. एवढ्या भांडवलावर व्यवसाय उभा राहत नाही हे मला समजते, म्हणून रीतसर शिकायचे ठरवले आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात झाली.

माझ्यासमोर सध्या दोन पर्याय आहेत. एका संस्थेची दोन दिवसांची कार्यशाळा असून ती संपताच ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणित मास्टर कोच’ असे प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम आठ महिन्यांचा आहे, शुल्क कैक पटींनी जास्त आहे, आणि तो पूर्ण केल्यावरही परीक्षा, तासांची नोंद, मेंटर कोचिंग असे बरेच काही शिल्लक राहते. माहितीपत्रकात एसीसी, पीसीसी, लेव्हल वन, लेव्हल टू अशा संज्ञांची इतकी गर्दी आहे की, दोन वेळा वाचूनही आपण नेमके काय विकत घेत आहोत हे मला कळले नाही.

या व्यवसायासाठी प्रमाणपत्र कायद्याने आवश्यक आहे का? नसेल, तर आठ महिने कशासाठी घालवायचे? नोकरी सांभाळून हे जमते का? आणि माझ्या चौदा वर्षांच्या अनुभवाची यात कोठे तरी गणना होते का?

ऐकणारी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण एके काळी तो माझाही होता. आपला अनुभव प्रशिक्षणाच्या तासांत धरला जात नाही, आणि पहिले काही महिने तर तो आडवाच येतो. समोरच्याचे ऐकता ऐकता मनात उपाय तयार करण्याची आपली सवय पक्की झालेली असते, आणि कोचिंगमध्ये सर्वांत आधी मोडावी लागते ती हीच सवय, कारण कोच उपाय सांगत नाही, प्रश्न विचारून क्लायंटला तो स्वतः शोधू देतो.

आता संज्ञांविषयी. आपल्या प्रश्नात तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि बहुतेक माहितीपत्रके त्या मिसळलेल्याच ठेवतात. पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. ते प्रशिक्षण देणारी संस्था स्वतः देते आणि त्यावर काय छापायचे हे तीच ठरवते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या अभ्यासक्रमाला एखाद्या व्यावसायिक संघटनेने दिलेली मान्यता. तिसरी गोष्ट म्हणजे क्रेडेन्शियल, अर्थात संघटनेने दिलेली व्यावसायिक पात्रता. ते अभ्यासक्रमाला मिळत नसून व्यक्तीला मिळते, आणि त्यासाठी प्रशिक्षणाखेरीज प्रत्यक्ष कामाचे तास, मेंटर कोचिंग (अनुभवी कोचने आपले काम तपासून केलेले मार्गदर्शन) व परीक्षा लागते. ‘मास्टर कोच’ असे छापलेला कागद बहुधा पहिल्या प्रकारात मोडतो.

कायद्याचे म्हणाल, तर जगात बहुतेक ठिकाणी लाइफ कोच म्हणून काम करण्यासाठी परवाना लागत नाही. ज्याला वाटेल त्याने उद्यापासून पाटी लावावी, अशी स्थिती असल्यामुळेच या क्षेत्रातील माणसांनी संघटना उभ्या करून स्वतःवर नियम घालून घेतले. १९९२ साली स्थापन झालेले युरोपियन मेंटरिंग सेंटर पुढे युरोपियन मेंटरिंग अँड कोचिंग कौन्सिल झाले. अमेरिकी कोच थॉमस लिओनार्ड यांच्या पुढाकाराने १९९५ साली सुरू झालेली संघटना आज इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, या नावाने ओळखली जाते. असोसिएशन फॉर कोचिंग २००२ची. आपल्या माहितीपत्रकातील संज्ञा आयसीएफच्या आहेत, म्हणून तिच्याविषयीच लिहिते.

आयसीएफची तीन क्रेडेन्शियल्स आहेत. एसीसीसाठी (असोसिएट सर्टिफाइड कोच) किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि किमान ८ क्लायंटसोबत १०० तासांचे प्रत्यक्ष कोचिंग लागते. त्यांतील ७५ तास मोबदला घेऊन केलेले असावे लागतात. पीसीसीसाठी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) १२५ तासांचे प्रशिक्षण आणि २५ क्लायंटसोबत ५०० तास, त्यांपैकी ४५० मोबदल्याचे. एमसीसीसाठी (मास्टर सर्टिफाइड कोच) आधी पीसीसी असावे लागते, आणि मग २०० तासांचे प्रशिक्षण व ३५ क्लायंटसोबत २,५०० तास. क्रेडेन्शियल तीन वर्षे टिकते. नूतनीकरणासाठी त्या काळात पुढील शिक्षणाची ४० युनिट्स पूर्ण करावी लागतात. लेव्हल वन व लेव्हल टू या अभ्यासक्रमांच्या मान्यतेच्या श्रेण्या आहेत, व्यक्तीच्या नव्हेत: लेव्हल वन एसीसीच्या वाटेवर नेतो, लेव्हल टू पीसीसीच्या.

नोकरी सांभाळून जमते का, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. आठवड्याला दोन सेशन धरली, तर १०० तासांना साधारण वर्ष लागते आणि ५०० तासांना पाच वर्षे. वर्ग बहुधा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी असतात, त्यामुळे खरी अडचण वर्गांची नसून क्लायंट मिळवण्याची आणि दिवसभराच्या कामानंतर शाबूत मनाने त्यांच्यासमोर बसण्याची आहे.

आठ महिने कशासाठी, हे आकडेवारीने सांगता येणार नाही, म्हणून एक प्रसंग लिहिते. एसीसीसाठी किमान तीन महिन्यांत विभागलेले १० तासांचे मेंटर कोचिंग घ्यावे लागते, आणि त्यात आपल्या सेशनचे ध्वनिमुद्रण तपासले जाते (क्लायंटची परवानगी आधी घ्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको). माझ्या तिसऱ्या भेटीला मी सेशनचा शब्दशः उतारा घेऊन गेले होते. क्लायंट म्हणाली होती, “मला हल्ली घरी उशिरा जायला आवडू लागले आहे आणि मला त्याची भीती वाटते.” त्यावर मी विचारले होते, “मग कामाची वेळ ठरवून घेतली तर सोपे जाईल, असे नाही का वाटत तुम्हाला?” मेंटरने माझ्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि एवढेच विचारले, “हा प्रश्न आहे की सल्ला?” मग तिने क्लायंटच्या वाक्यातील ‘भीती’ या शब्दाभोवती गोल काढला. तो शब्द माझ्या कानांवर पडला होता, पण मी ऐकला नव्हता. मी वेळापत्रकाकडे धावले होते. सेशनची पुढची दहा मिनिटे क्लायंट आणि मी त्या बिचारीचे वेळापत्रक मांडत बसलो होतो, आणि भीती जिथल्या तिथे राहिली होती.

असे उतारे मी पुढे कित्येक तपासून घेतले. एकाच दमात दोन प्रश्न विचारणे, क्लायंट गप्प झाला की तीन सेकंदांत ती शांतता भरून काढणे, त्याचा शब्द बदलून आपला घालणे, ही खोड स्वतःची स्वतःला दिसत नाही. शुल्क भरायचे ते या तपासणीसाठी. गोल (उद्दिष्ट), रिअ‍ॅलिटी (सद्यस्थिती), ऑप्शन्स (पर्याय) आणि विल (निर्धार) या चार पायऱ्यांचा ‘ग्रो’ आराखडा तासाभरात समजतो. ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांच्यामुळे तो सर्वदूर पोहोचला, आणि तो शिकण्यासाठी कोणीही आठ महिने देण्याचे कारण नाही.

पुढच्यास_ठेच

‘ऐकणारी’ यांनी लिहिलेल्या पहिल्या प्रकारातील कागद माझ्या कपाटात आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. कार्यशाळा उत्साहाची होती, टाळ्या पुष्कळ वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सारे प्रमाणित झालो. सोबत ‘शक्तिशाली प्रश्नांची’ एक छापील यादी मिळाली. पहिल्या खऱ्या क्लायंटसमोर ती यादी मी मांडीवर ठेवली होती. सतराव्या मिनिटाला प्रश्न संपले, आणि उरलेला वेळ मी त्याला माझ्या आयुष्यातील अनुभव सांगत बसलो. तो सभ्य गृहस्थ होता, काही बोलला नाही. परतही आला नाही.

खरा फटका पुढे बसला. आयसीएफच्या क्रेडेन्शियलसाठी अर्ज करायला गेलो, तेव्हा त्या दोन दिवसांचा एकही तास धरला जाणार नाही असे कळले. प्रमाणपत्रावर एका परिषदेचे बोधचिन्ह होते, आणि ती परिषद कार्यशाळा घेणाऱ्यांनीच काढलेली निघाली. दोष माझाही आहे, कारण मी विचारलेच नव्हते.

आपण मात्र विचारा. अभ्यासक्रमाला कोणाची आणि कोणत्या श्रेणीची मान्यता आहे, हे विचारून थांबू नका. त्या संघटनेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव स्वतः शोधून पाहा. एकूण तासांपैकी समोरासमोर किंवा थेट ऑनलाइन किती आणि आधी मुद्रित केलेले व्हिडिओ किती, हे लेखी मागा. मी घेतलेली किती सेशन्स कोणी तरी ऐकणार आहे, ऐकणाऱ्याचे स्वतःचे क्रेडेन्शियल काय, लेखी अभिप्राय मिळणार का, मेंटर कोचिंगचे १० तास शुल्कात धरले आहेत की नंतर वेगळे बिल येणार, हेही विचारा. माझ्या मते ‘माझे सेशन कोण ऐकणार?’ हा एकच प्रश्न विचारायला जागा असेल, तर तोच विचारावा. उत्तर देताना समोरचा माणूस यशोगाथांकडे वळला, तर समजून जावे.

आणि ‘मास्टर’ या शब्दाविषयी: जिथे त्या शब्दासाठी २,५०० तासांची अट आहे, तिथे तो दोन दिवसांत कसा मिळतो, याचा हिशेब मी आजही करतो आहे.

उंबरठा

मी मूळचा समुपदेशक असून गेली काही वर्षे कोचिंगही करतो. वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण आपल्या प्रश्नातील एका वाक्यावर मी अडखळलो, त्याविषयीच लिहितो. कार्यालयातील माणसे आपल्याकडे मन मोकळे करतात, असे आपण लिहिले आहे. उद्या आपण कोच झालात आणि त्याच माणसांना कोचिंग देऊ लागलात, तर त्यांच्या बढतीच्या, बदलीच्या किंवा कपातीच्या निर्णयात आपला हात असणार की नसणार? असणार असेल, तर ते कोचिंग होत नाही. ज्याच्या हाती आपला वार्षिक अहवाल आहे त्याच्यासमोर कोणीही आपली खरी भीती मांडत नाही. मांडलीच, तर ती पुढे आपल्या डोक्यातून पुसता येत नाही. अशा हितसंबंधांच्या संघर्षाचा विचार व्यावसायिक संघटनांच्या नीतिसंहितांत केलेला असतो, आणि चांगल्या अभ्यासक्रमात त्यावर बराच वेळ दिला जातो. एखादी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यासाठी कोचचे पैसे भरते, तेव्हा कंपनीला काय कळणार आणि काय कळणार नाही, हे पहिल्या सेशनआधी तिघांमध्ये लेखी ठरलेले असावे लागते. व्यवस्थापकाचा फोन येतो, “सहज विचारतो, कसा चालला आहे आमचा माणूस?”, आणि त्या वेळी करार नसेल तर आपली पंचाईत होते.

दुसरी बाब सीमेची आहे. कोचिंग ही मानसोपचाराची स्वस्त किंवा सौम्य आवृत्ती नाही. कोच निदान करीत नाही आणि उपचारही करीत नाही. क्लायंट धडधाकट आहे, निर्णय घेऊ शकतो आणि त्याला पुढे कोठे तरी जायचे आहे, हे गृहीत धरूनच कोचिंगची सारी रचना उभी आहे. समजा, एक गृहस्थ ‘मला कामात शिस्त हवी’ म्हणून आपल्याकडे आले. दुसऱ्या सेशनमध्ये कळते की त्यांना कित्येक आठवडे पहाटे तीनला जाग येते, भूक लागत नाही, पूर्वी ज्यात रमत असत त्यात मन लागत नाही. तिसऱ्यात ते हसत हसत म्हणून जातात, “आपण नसलो तरी कोणाचे काही अडत नाही.” इथे उद्दिष्टे आखत बसणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. सेशन तिथेच थांबवून, आपण काय ऐकले ते शांतपणे बोलून दाखवावे, स्वतःला इजा करण्याचा विचार येतो का हे स्पष्ट शब्दांत विचारावे, आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवावे. विचार येतो असे उत्तर आले, तर त्यांना एकटे न सोडता तातडीची मदत मिळवून द्यावी. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. क्लायंट हातचा जाईल, अशी धाकधूक नव्या कोचला वाटते, म्हणून कोणाकडे पाठवायचे त्यांची नावे पहिला क्लायंट घेण्याआधीच वहीत लिहून ठेवलेली बरी.

आहार, व्यायाम किंवा दीर्घकालीन आजारातील जीवनशैली यांकडे आपला ओढा असेल, तर आरोग्य कोचिंग ही स्वतंत्र शाखा आहे. अमेरिकेत त्यासाठी वेगळे राष्ट्रीय मंडळ असून त्याची परीक्षा २०१७ पासून घेतली जाते. आपल्या प्रश्नावरून तरी आपला कल तिकडे दिसत नाही.

विनाशिक्का

वरील सर्वांचा आदर राखून थोडा विरोधी सूर लावतो. मी नऊ वर्षे कोचिंगवर पोट भरतो आहे आणि माझ्याकडे कोणतेही क्रेडेन्शियल नाही. इतक्या वर्षांत स्वखर्चाने येणाऱ्या एकाही क्लायंटने मला प्रमाणपत्र दाखवा असे म्हटलेले नाही. ते कोणाच्या तरी सांगण्यावरून येतात, अर्धा तास बोलतात, आणि या माणसासमोर आपण खरे बोलू शकू का एवढे जोखून होकार किंवा नकार देतात.

अभ्यासक्रमात जे शिकवत नाहीत आणि ज्यावाचून नवे कोच दोन वर्षांत गाशा गुंडाळतात, ते म्हणजे व्यवसाय चालवणे. आपण नेमके कोणासाठी काम करतो हे एका वाक्यात सांगता येणे, शुल्काचा आकडा न चाचरता उच्चारणे, आपल्या कक्षेत न बसणाऱ्या माणसाला नकार देणे, आणि क्लायंट नसलेल्या महिन्यांसाठी गाठीशी पैसा ठेवणे, हे सारे मी ठेचा खात शिकलो. नोकरी इतक्यात सोडू नका, असा माझा आग्रहाचा सल्ला राहील (मी कोच आहे, पण इथे सल्ला देण्याची मुभा घेतो).

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. मोठ्या कंपन्या कोचची यादी तयार करतात, तेव्हा अर्जातील पहिल्याच रकान्यात क्रेडेन्शियल विचारतात, आणि बऱ्याच ठिकाणी किमान पीसीसी मागतात. त्या दारातून मी तीनदा परत आलो आहे. आपली पार्श्वभूमी मनुष्यबळ विभागाची असल्याने आपले क्लायंट त्याच दारातून येण्याचा संभव जास्त आहे, म्हणून माझे उदाहरण आपल्याला तंतोतंत लागू पडेल असे नाही.

आणि शुल्क भरण्याआधी स्वतः एखाद्या कोचकडे चार-सहा सेशन्स घ्या. जे विकायचे आहे ते आपण कधी विकत घेतलेले नसते, ही या व्यवसायातील गमतीदार गोष्ट आहे.

ऐकणारी

‘विनाशिक्का’ यांच्याशी माझा वाद अर्धाच आहे. क्लायंट क्रेडेन्शियल पाहून येत नाहीत, हे माझ्याही अनुभवास आले आहे. पण आपण नऊ वर्षे टिकलात, त्याअर्थी आपला कान मुळातच तयार असावा, आणि जे टिकले नाहीत ते इथे लिहायला आलेले नाहीत. शिवाय नऊ वर्षांत आपले सेशन आपल्याखेरीज कोणी ऐकले आहे का, हे विचारण्याचा मोह आवरत नाही.

विनाशिक्का

नाही. मुद्दा पोहोचला.

नवशिकी

सर्वांची मनापासून आभारी आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचा विचार सोडला आहे. ‘ऐकणारी’ यांचा प्रसंग वाचून काल एका मैत्रिणीच्या परवानगीने आमचे वीस मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि रात्री लिहून काढले. मी अकरा प्रश्न विचारले होते. त्यांतील सात ‘नाही का?’ने संपतात. ‘उंबरठा’ यांनी मांडलेला हितसंबंधांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, आणि तो वाचून दोन सहकाऱ्यांविषयीचा बेत मी रद्द केला.

आता दोनच शंका उरल्या आहेत. नवख्या कोचला पैसे कोण देणार, म्हणजे ते ७५ तास कसे भरायचे? आणि पुढे पीसीसी हवेच असेल, तर सुरुवातीलाच लेव्हल टू घ्यावा की लेव्हल वन?

ऐकणारी

मोबदल्याची रक्कम किती असावी, याचे बंधन नाही. नाममात्र शुल्क चालते, आणि सेवेच्या बदल्यात सेवा घेतली असली तरी तो तास मोबदल्याचा धरला जातो. मी पहिल्या तीन क्लायंटकडून इतके कमी घेतले होते की सांगायची लाज वाटते. पण पैसे देणारा माणूस सेशन चुकवत नाही, हेही तेव्हाच लक्षात आले. विनामोबदला तास १०० पैकी २५ पर्यंत चालतात, ते ओळखीच्यांच्या ओळखीच्यांसाठी ठेवा. नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: क्लायंटचे नाव, संपर्क, तारखा, तास, मोबदला घेतला की नाही. आपले नाव या नोंदीत राहील, याची क्लायंटकडून लेखी संमती तेव्हाच घ्या. दोन वर्षांनी जुन्या क्लायंटना शोधून संमती मागणे फार अवघड जाते, मी ते केलेले आहे. प्रशिक्षण सुरू होण्याआधीचे तास धरले जात नाहीत, त्यामुळे कालचे वीस मिनिटांचे संभाषण वहीत लिहू नका.

दुसऱ्या शंकेविषयी: आठ महिन्यांचा अभ्यासक्रम लेव्हल टूचा असेल आणि शुल्क एकदम भरणे शक्य असेल, तर तो घ्यावा, कारण त्यात पीसीसीचे १२५ तास एकाच संस्थेत आणि एकाच पद्धतीने पूर्ण होतात. हे काम आपल्याला झेपेल का याविषयी मनात किंतु असेल, तर लेव्हल वन घ्या. ते तास पुढे पीसीसीसाठीही धरले जातात. मी लेव्हल वनला समकक्ष अशा जुन्या श्रेणीतून आले आणि पुढचे प्रशिक्षण दुसऱ्या संस्थेत घेतले. दोन शाळांच्या दोन भाषा जुळवण्यात माझे काही महिने गेले, एवढाच काय तो तोटा. परीक्षेची धास्ती आत्ताच घेऊ नका. मी पीसीसीसाठी दिलेल्या परीक्षेत प्रसंग देऊन त्यावरील सर्वांत योग्य आणि सर्वांत अयोग्य प्रतिसाद निवडायला सांगत असत, आणि सर्वांत अयोग्य म्हणून मी निवडलेली बरीचशी उत्तरे माझ्याच पहिल्या उताऱ्यातील वाक्यांसारखी होती.